खोकल्याची नोंद सरकारदरबारी झालीच पाहिजे!



अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. 'अग्निप्रदीपन' असे भारदस्त नाव असलेला समारंभ होतो, पूजा होते, अध्यक्षांची व संचालकांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. किती लाख टन गाळप होणार, उतारा किती पडणार, पहिली उचल किती मिळणार, याचे आकडे छापून येतात. मात्र धुराड्याच्या सावलीतील वस्तीत दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी बसते, झाकून ठेवलेल्या हंड्यावर राखेचा थर येतो आणि मध्यरात्री लेकरू उठून बसून श्वासासाठी धडपडते, याचा आकडा कोठेही छापला जात नाही. तो कोणी विचारीत नाही, हे खरे. पण तो आपणही सांगत नाही, हेही तितकेच खरे आहे. आज या दुसऱ्या गोष्टीविषयी स्पष्ट बोलावयाचे आहे.

आपल्या समाजात अन्यायाविरुद्ध बोलणारी माणसे कमी नाहीत. पुतळ्याची विटंबना झाली, शिष्यवृत्ती अडली, स्मशानाची वाट अडविली, तर आपण मोर्चा काढतो. परंतु घरातील आईला दमा लागला, बाळाची छाती दरवर्षी हिवाळ्यात भरू लागली, तर ती घरची खाजगी गोष्ट समजून दवाखान्याची चिठ्ठी उशाखाली ठेवतो. ही समजूत घातक आहे. जो विकार एका घरात आहे तो त्या घराचा. पण एकाच वस्तीतील पंधरा घरांत, एकाच हंगामात, एकाच वाऱ्याबरोबर जो विकार येतो, तो सार्वजनिक प्रश्न होय. तो सार्वजनिक ठिकाणी, आपल्या नावानिशी, मांडलाच पाहिजे.

वारा कोणाच्या अंगावरून वाहतो?

महाराष्ट्रातील अनेक गावांत आपली वस्ती गावकुसाबाहेर, बहुधा पूर्वेच्या अंगास आढळते. आपल्याकडे वर्षाचा मोठा काळ वारा पश्चिमेकडून येतो. याचा अर्थ, गावाच्या अंगावरून गेलेला वारा आमच्या अंगावर येई, पण आमच्या अंगावरून गेलेला गावावर जाऊ नये, अशी ती मांडणी. विटाळाच्या कल्पनेने हवेचीही वाटणी केली होती. आज विटाळ पाळणे हा संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने गुन्हा आहे, पण वस्तीची जागा पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. गावाबाहेरची, स्वस्त, पडीक म्हणून जी जागा एकेकाळी आम्हास मिळाली, तिच्याच शेजारी गावाबाहेरची, स्वस्त, पडीक म्हणून पुढे कचऱ्याचा डेपो आला, खडीचा क्रशर आला, वीटभट्टी आली, आसवनी आली. यामागे दर वेळी कोणाचा कट असतोच असे नाही. परंतु कट नसतानाही परिणाम एकाच माणसाच्या फुप्फुसावर होत असेल, तर त्या माणसाने गप्प बसण्याचे कारण कोणते?

आपला जिल्हा सहकाराचा अभिमान बाळगतो. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे सबंध महाराष्ट्राने तो कित्ता गिरविला. सहकाराने ऊस पिकविणाऱ्यास मालक केले, हे निर्विवाद आहे. परंतु सहकारी कारखान्याचा ऊस-उत्पादक सभासद कोण? ज्याच्या शेतात ऊस आहे तो. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत आवाज नाही. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघालेले ऊसतोड कुटुंब गोदावरी-प्रवरेच्या पट्ट्यात येऊन कोपीत चार-पाच महिने राहते. पहाटे पाचटाचा व चुलीचा धूर खाते, रात्री कारखान्याचा. तेही सभासद नाही. नफ्यात वाटा नसला तरी धुरात मात्र त्याचा पूर्ण वाटा आहे.

डोळ्यांना दिसणारी राख आणि न दिसणारी

या धुराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. उसाचा रस काढल्यावर उरणारा भुसा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळला जातो. त्यातून दोन प्रकारचे कण बाहेर पडतात. मोठे कण काजळीच्या रूपाने कपड्यांवर व पिकांवर पडतात. आपण त्यांचीच तक्रार करतो, कारण ते दिसतात. खरे घातक ते अतिसूक्ष्म कण, जे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. अडीच मायक्रॉनच्या आतील हे कण नाका-घशात अडत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात व रक्तापर्यंत पोहोचतात. खोकला व दमा तर त्यांनी बळावतोच, पण हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशीही त्यांचा संबंध वैद्यकशास्त्राने सिद्ध केला आहे. गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाचे वजन कमी भरणे हाही त्याचाच एक परिणाम.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी, असे सांगितले. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० ची आहे. म्हणजे येथे कायद्याने 'स्वच्छ' ठरणारी हवा त्या मापाने आठपट मलिन असू शकते. शिवाय सरासरी वर्षाची, आणि गळीत हंगाम चार-पाच महिन्यांचा. तोही हिवाळ्यात, जेव्हा थंड हवा जमिनीलगत कोंडून राहते व धूर वर जात नाही. पावसाळ्यातील स्वच्छ दिवस मिळवून सरासरी काढली की कागद निर्मळ होतो. लेकराचे फुप्फुस मात्र वार्षिक सरासरीने श्वास घेत नाही. म्हणून मागणी करताना चोवीस तासांच्या मोजणीची, हंगामातील मोजणीची व वाऱ्याखालच्या वस्तीतील मोजणीची मागणी केली पाहिजे.

केंद्र सरकारने २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नाशिक, चंद्रपूर, सोलापूर, जालना अशी शहरे आली, आपल्या जिल्ह्यातील एकही नाही. यावरून येथील हवा निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे चूक होय. ती यादी शहरांची, आणि शहरांत बसविलेल्या यंत्रांच्या मोजणीवर बेतलेली. कारखान्यामागच्या वस्तीत वा उसाच्या फडातील कोपीशेजारी असे यंत्र कोण बसविणार? जेथे मोजणी नाही तेथे उल्लंघनही नाही. अशा ठिकाणी माणसाचे तोंड हेच यंत्र समजावे लागते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

बोलावयाचे म्हटले की पाच-सहा आक्षेप ठरलेले असतात. त्यांचा समाचार घेऊ.

पहिला आक्षेप : "कारखाना पोट भरतो, त्याविरुद्ध बोलून पोटावर पाय का आणता?" कारखाना बंद करा असे कोण म्हणतो? धुराड्यातून निघणारी राख अडविणारी साधने जगात कधीच निघाली आहेत. पाण्याच्या फवाऱ्याने धूर धुणारे वेट स्क्रबर आहेत, विजेच्या भाराने कण ओढून घेणारे इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर आहेत. ते बसविणे व रात्रंदिवस चालू ठेवणे, एवढीच मागणी आहे. त्यांना वीज लागते, पाणी लागते, देखभाल लागते. म्हणजे खर्च लागतो. हा खर्च कारखान्याने केला नाही, तर तो टळत नाही. तो आपल्या औषधाच्या बिलात, बुडालेल्या मजुरीत व मुलीच्या बुडालेल्या शाळेत येऊन बसतो. भाकरी आणि श्वास यांतून एक निवडा, असा पर्याय मालक स्वतःच्या मुलांपुढे कधी ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप : "घरचे दुखणे चव्हाट्यावर कशाला? मुलीचे लग्न जमावयाचे आहे." दुखणे लपविल्याने ते बरे होत नाही, आणि धूर सोडणाऱ्याची अब्रू मात्र राहते. लाज कोणी बाळगावी, धूर सोडणाऱ्याने की धूर गिळणाऱ्याने?

तिसरा आक्षेप : "हे नशिबाचे भोग आहेत." हे वाक्य धम्मदीक्षा घेतलेल्या घरात उच्चारले जाऊ नये. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि कारण दूर केल्यास दुःखाचा निरोध होतो, हे ज्यांनी स्वीकारले, त्यांनी दम्याचे कारण मागल्या जन्मात शोधावे काय? ते धुराड्याच्या टोकावर, डोळ्यांसमोर आहे.

चौथा आक्षेप : "खोकला तुमच्या चुलीचा आहे, कारखान्याचा नव्हे." या आक्षेपात तथ्यांश आहे, म्हणूनच तो अधिक चतुर आहे. लाकूड, गोवऱ्या, पाचट जाळणाऱ्या चुलीचा धूर खरोखरच विषारी आहे. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅसची जोडणी झाली, पण टाकी पुन्हा भरावयास पैसा नाही म्हणून चूल पेटतेच. घरच्या पुरुषाने तंबाखूवर व दारूवर होणारा खर्च टाकीकडे वळविला, तर बायको-लेकरांचे आयुष्य वाढेल, हेही येथे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. परंतु दोन माणसांनी एकास मारहाण केली, तर दुसऱ्याकडे बोट दाखवून पहिला सुटत नाही. चुलीचा धूर कारखान्याच्या धुराला माफी देत नाही. उलट, आधीच चुलीने दुबळ्या झालेल्या फुप्फुसावर आणखी भार टाकणाऱ्याची जबाबदारी वाढते. म्हणून आपल्या अर्जात चूल लपवू नका. ती आधीच लिहा, म्हणजे प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र उरणार नाही.

पाचवा आक्षेप : "पुरावा कोठे आहे?" सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या निकालात सांगितले, की अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग अंतर्भूत आहे. १९९६ साली वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ठरविले, की आपला उद्योग पर्यावरणास अपायकारक नाही हे सिद्ध करण्याचा भार उद्योगावर आहे. भार त्यांच्यावर असता आपणच पुराव्याच्या धास्तीने मुके व्हावे, हे कायद्याचे अज्ञान होय.

सहावा आक्षेप सर्वांत खरा आहे : "आमचा मुलगा तेथेच कामाला आहे, उद्या काढून टाकतील." ही भीती हसण्यावारी नेणारा माणूस गावात राहत नसला पाहिजे. तिच्यावर उपाय एकट्याने न बोलणे हा आहे. एकाचा अर्ज म्हणजे एकावर रोष. चाळीस घरांचा एक अर्ज म्हणजे रोष कोणावर धरावा हेच कळेनासे होणे. शिवाय अनुसूचित जातीच्या माणसावर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, स्पष्ट गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला असल्यामुळे धर्मांतराने हे संरक्षण गेले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

एका आईची गोष्ट

बोलण्याने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी लंडन शहरातील एक घटना सांगतो. तेथील लुइशम भागात, रहदारीच्या मोठ्या रस्त्याजवळ राहणारी एला किस्सी-डेब्रा ही कृष्णवर्णीय मुलगी दम्याने पछाडली होती. तिला सुमारे तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये, नवव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. २०१४ च्या चौकशीने तीव्र श्वसनविकार हे कारण नोंदविले, हवेचे नाव नाही. तिच्या आईने, रोझमंड यांनी, ते मान्य केले नाही. त्या सभांतून बोलल्या, तज्ज्ञांकडे गेल्या, मुलीचे आजारपण जगासमोर मांडले, आणि नवी चौकशी पदरात पाडून घेतली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूचे कारण तपासणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने हवेचे प्रदूषण हे एलाच्या मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदविले. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच झाली. हवेविषयीची माहिती त्या मातेला कोणी दिलीच नव्हती, यावरही त्याने बोट ठेवले. एका आईने बोलण्याचा हट्ट धरला नसता, तर तो मृत्यू दम्याच्या खात्यावर पडून राहिला असता. आपल्याकडील किती मृत्यू असे पडून आहेत?

बोलावयाचे कोठे?

चहाच्या टपरीवर बोलल्याने नोंद होत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या साखर कारखान्यांना व आसवनींना पर्यावरण मंजुरीपूर्वी जाहीर लोकसुनावणीस सामोरे जावे लागते. तिचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांहून कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी भूषवितो. किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध करून द्यावा लागतो. चित्रीकरण होते. कार्यवृत्त त्याच सभेत स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते.

या सभेचे महत्त्व ओळखा. येथे शेअर लागत नाही, सातबारा लागत नाही. ज्या बाधित माणसाला सर्वसाधारण सभेत उभे राहता येत नाही, त्याला येथे अध्यक्षासमोर, संचालकाच्या बरोबरीने, उभे राहता येते. पण आणखी एक कलम लक्षात ठेवा. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. आपण गेलो नाही तरी ती होते, आणि "उपस्थितांपैकी कोणीही आक्षेप घेतला नाही" असे लिहून फाईल पुढे सरकू शकते. आपले मौन तेथे संमती म्हणून वाचले जाते.

त्यातच २०२१ साली केंद्राने, पूर्वीची मंजुरी असलेले साखर कारखाने व आसवनी केवळ इंधनात मिसळावयाच्या इथेनॉलसाठी विस्तार करीत असतील, तर त्यांना लोकसुनावणी न लागणाऱ्या 'ब-२' वर्गात घातले. इथेनॉल देशहिताचे असेल, पण देशहिताला आमचा खोकला ऐकण्याचे भय का वाटावे? जेथे सुनावणी उरली आहे तेथे गर्दी करणे व जेथे काढून घेतली आहे तेथे ती परत मागणे, ही दोन्ही कामे करावी लागतील. सुनावणी गळीत हंगामातच व्हावी आणि तिची दवंडी वस्तीत व कोप्यांवर द्यावी, हीही मागणी ठरावाने करावी. ऊसतोड मजूर गावी परतल्यावर त्याच्या फडाशेजारी सुनावणी घेणे ही थट्टा होय.

सुनावणी नसतानाही मार्ग बंद नाहीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय नगरला आहे. त्याच्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. माहितीच्या अधिकाराखाली कारखान्याचे संमतिपत्र व धुराड्याच्या तपासणीचे अहवाल मागा. उपद्रव दूर करण्याचा हुकूम प्रांताधिकाऱ्यांकडून मिळविण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. जुन्या संहितेत ते कलम १३३ होते. त्याच जुन्या कलमाखाली मध्य प्रदेशातील रतलामच्या नागरिकांनी गटारांविरुद्ध व मद्यार्काच्या कारखान्यातून येणाऱ्या दुर्गंधीविरुद्ध दाद मागितली, आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेची "पैसा नाही" ही सबब धुडकावून लावली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे. तेथे सामान्य अर्जाला सहा महिन्यांची व भरपाईच्या अर्जाला पाच वर्षांची मुदत आहे. वकिलाच्या फीची धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना, तसेच स्त्रियांना व बालकांना मोफत वकील मिळतो.

मुदतीचा प्रश्न आला की तारखा लागतात. म्हणून प्रत्येक घरात एक वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडे ती द्या. आज कोणास खोकला आला, किती वाजता धूर वाढला, वारा कोणीकडून होता, शाळा बुडाली काय, रोज बुडाला काय, औषधास किती गेले. डॉक्टरांची चिठ्ठी व औषधाची पावती त्याच वहीत चिकटवा. हंगामापूर्वीचा एक महिना व नंतरचा एक महिनाही लिहा, म्हणजे फरक कळेल. वस्तीतील वीस वह्या एका हंगामाअखेर एकत्र ठेवल्या, की "पुरावा कोठे आहे" हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येईल.

आणि सुनावणीत स्त्रियांना पुढे करा. रात्री लेकरू मांडीवर घेऊन कोण बसते? जिने पाहिले तिने सांगावे. नाव, गाव, वस्ती सांगावी, दुखणे सांगावे, मागणी सांगावी, लेखी निवेदन द्यावे, आणि कार्यवृत्त वाचून होईपर्यंत जागा सोडू नये. आपले म्हणणे त्यात आले नसेल, तर तेथेच उभे राहून हरकत घ्यावी.

१६ डिसेंबर १९३९ रोजी याच जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या हरेगाव येथे, बाबासाहेबांनी वतनदारांच्या परिषदेत वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला. त्या वतनात आपल्या पूर्वजांचे काम काय होते? दुसऱ्यांचे निरोप पोहोचविणे, दुसऱ्यांच्या घरच्या मर्तिकाची बातमी गावोगाव नेणे. ज्या तोंडांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचे मृत्यू जाहीर केले, त्या तोंडांनी आता स्वतःच्या जिवंत लेकरांचे दुखणे जाहीर करावे. येत्या हंगामाचा बॉयलर पेटण्यापूर्वी वही उघडा, विहारात बैठक घ्या, आणि पहिली सही घरातील आईची घ्या.

जय भीम!